काढलंस का?

९ नोव्हेंबर, कळंब

पोचले बाई एकदाची! पुण्याहून एसटीने खोपोली, आणि शिळफाट्याला पाय टेकवते तोच समोर हर्षला, गाडीला टेकून वडापाव खात उभी. कॉलेजात होती तशीच आहे, फक्त आता एका वेळी दोन खाते. मिठी मारून झाल्यावर पहिलं वाक्य काय, तर रोहे, म्हातारी झालीस गं. मी म्हटलं, तुझ्या गाडीला आरसे आहेत ना, त्यात बघत जा अधूनमधून.

खरं सांगायचं तर तिचा फोन आला तेव्हा मी रडायचीच बाकी होते. लग्नांचे फोटो काढून काढून विटले होते. नवरीचा मामा कुठे गेला, तो सापडला तर मामी रुसलेली, आणि आल्बम हाती पडल्यावर प्रत्येकाचं म्हणणं एकच, की मीच तेवढी जाड आलेय. डोंगराला 'जरा हसा' म्हणावं लागत नाही. हर्षलाच्या घरच्यांची कळंबच्या शिवेवर मोठी जमीन आहे. तिचे बंगल्यांसाठी प्लॉट पाडून विकायचेत आणि त्याच्या जाहिरातीसाठी तिथल्या निसर्गाचे फोटो हवेत. कॅमेरा नवा घ्यायचा, फोटोवर काम करायचं सॉफ्टवेअरही नवं घ्यायचं, आणि निवड माझी. दुसऱ्याच्या खिशातून माझे लाड, म्हणजे सोन्याहून पिवळं.

जमिनीच्या कडेला त्यांनी नमुन्याचा एक बंगला बांधलाय, त्यातली वरची खोली मला दिली. गॅलरीतून पूर्वेला भीमाशंकरची रांग दिसते, खाली कापलेल्या भाताची खाचरं. खोलीतल्या कपाटात पुरुषाचे शर्ट होते, चांगले इस्त्रीचे. हर्षलाच्या आईला, काकूंना, विचारलं की हे कुणाचे. त्यांनी एका शर्टाच्या घडीवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, आटवत नाय गं कोनाचे, पन घडी तर माझ्याच हातची दिसतं. मग सगळे उचलून खाली घेऊन गेल्या.

आईला फोन केला. फलटणला थंडी पडायला लागलीय. रोहुडे, जेवलीस का, हा प्रश्न तिने तीनदा विचारला.

११ नोव्हेंबर

आज दिवसभर खरेदीवरून आमची जुंपली. मजा आली.

माझं म्हणणं असं, की डोंगरदऱ्यांचे फोटो घ्यायचे तर मोठ्या सेन्सरचा कॅमेरा हवा, सावलीतलं बारीकसारीकही त्यात हरवत नाही. रुंद कोनाची एक लेन्स, लांबचा कडा जवळ आणणारी दुसरी. दगडासारखा स्थिर ट्रायपॉड. पाण्यावरची आणि पानांवरची चकाकी मारणारा फिल्टर. आणि इथल्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरते म्हणून कोरडी पेटी. ट्रायपॉड सोडला तर हर्षलाने सगळं मान्य केलं. तिला तो हलका, घडी होणारा, एका हाताने उचलता येईल असा हवा होता. दिला बाई, म्हटलं घे.

पण कॅमेऱ्यात दोन कार्डं बसतील असाच घेऊ, एकावर फोटो आणि दुसऱ्यावर त्याची राखीव प्रत, असं मी म्हणाले तर ती अडूनच बसली. एकच कार्ड पुरे. त्यातही रॉ नको, जेपेगच. आता रॉ म्हणजे कॅमेऱ्याने पाहिलं तसंच्या तसं, शिधा म्हणा. आणि जेपेग म्हणजे शिजवून समोर ठेवलेलं ताट. हातात शिधा असला की चार वेळा नवा स्वयंपाक करता येतो. हे मी तिला घसा कोरडा करून सांगितलं. सॉफ्टवेअरचंही तेच. मला मूळ फोटोला हात न लावता बदल वेगळे जपणारं हवं होतं. तिने जे पसंत केलं ते मूळ फोटोवरच बदल करून तोच जतन करतं. जुनं गेलं ते गेलंच.

म्हटलं, एवढी कसली गं चिंधीगिरी? ती हसली. म्हणाली, जुनं सांभाळत बसलं की पसारा होतो, रोहे. शेवटी मालक तीच. सॉफ्टवेअरमधला नको ते पुसणारा ब्रश मात्र अफलातून आहे. नको ती वस्तू घासली की आजूबाजूचंच काहीतरी उचलून तिथे भर घालतो, शिवण सापडत नाही.

१३ नोव्हेंबर

नारळ वाढवून कामाला सुरुवात झाली. या घरातली बोलण्याची तऱ्हा मोठी गमतीची आहे. नारळ वाढवतात हे आपणही म्हणतो, बांगडीही फुटत नाही, वाढते. पण काकूंच्या तोंडी प्रत्येक गोष्ट वाढतेच. पायातला काटा वाढव, दाराचं कुलूप वाढव, भाताची साल वाढव. आणि फोटोला त्या 'खेचला काय' म्हणतात, अगदी बम्बईया. मी म्हटलं, काकू, फोटो काढतात. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि चहा ठेवायला निघून गेल्या.

पहाटेच्या धुक्यात रांगेचा सुरेख फोटो मिळाला, पण मधोमध विजेचा खांब. दुपारी तो पुसला. संध्याकाळी हर्षलाचा कर्जतहून फोन आला. काढलास का? मी म्हटलं, हो, खांब काढला. शाब्बास म्हणाली.

१४ नोव्हेंबर

सकाळी फिरायला गेले तर खांब जागेवर नाही. खड्डा नाही, माती उकरलेली नाही, वर तारही नाही. बांधावर गवत वाढलंय, कित्येक वर्षांचं असावं तसं. हर्षला म्हणाली, तिथे खांब कधीच नव्हता, तुला प्रकाशामुळे भास झाला असेल. आता फोटोवरूनच सिद्ध करावं म्हटलं, तर फोटो मीच साफ केलेला. स्वतःशीच हसले.

आणखी एक नवल. लहानपणी सायकलवरून पडले होते त्याची हनुवटीवरची खूण गेली. आरशात तीनदा पाहिलं. इथली हवा मानवली म्हणायची! लग्नात नवऱ्या यासाठी वाट्टेल ते करतात.

१६ नोव्हेंबर

शिवेवरच्या उंबराखाली शेंदूर फासलेला एक दगड होता. फोटोत तो लाल ठिपका डोळ्यात सलायचा, सगळी नजर तिकडेच ओढली जायची. हर्षला म्हणाली, प्लॉट घेणाऱ्यांना असलं काही दिसलं की ते बिचकतात. पुसला. तिने विचारलं, काढलास का? म्हटलं, काढला गं बाई, रोज काय विचारतेस.

आईशी बोलताना खुणेची गंमत सांगितली. ती म्हणाली, हनुवटीला? तू कधी पडली होतीस? अगं, हळद दाबून मला दवाखान्यात तूच नेलं होतंस. तिला आठवेना. म्हणाली, वय झालं, रोहिणी. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की तिने मला रोहुडे म्हटलं नाही. उगाच वाईट वाटलं.

१७ नोव्हेंबर

आज एक बाई माझ्यावर धावून आली. गौराबाई तिचं नाव. जमिनीच्या मधोमध तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, भिवाजीचं, कुडाचं घर आहे. ते दोघे तिथून उठायला तयार नाहीत म्हणून हर्षलाकडचे वैतागलेत. ती ओरडत होती, माजा देव कुटं नेलास? उंबराखाली दगड नव्हता. जमीन सपाट, पाचोळा पडलेला.

मी तिला पाणी दिलं. ती शांत झाली तेव्हा जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवते. या शिवेवर बोलू तसं व्हतं गं. जागा तथास्तु म्हनते. म्हनून आमी काढलं बोलत नाय, वाढवलं बोलतो. काढलं बोललं का ती वस्तू जाते, आनि तिची जागा भराया बोलनाऱ्याचं कायतरी जातं. बोलनारा आनि रीत ठावी असनारा सोडून बाकी समदे तिला इसरतात. मग तिने विचारलं, देवाचा फोटू हाय का तुज्याकडं? त्याचं रूप समोर धरून हाय बोललं तर परत यील, तुजं बी तुला मिळंल.

मी सांगितलं, होता, पण साफ केलेलाच उरलाय. ती उंबराखालचा पाचोळा दोन्ही हातांनी चाचपू लागली.

वास्तू तथास्तु म्हणते, असं माझी आईही म्हणते. दिवेलागणीला वेडंवाकडं बोललं की ओरडायची. पण खांब, दगड... छे. माझं कामच काढण्याचं आहे. मराठीत फोटो काढतातच. दिवसातून शंभरदा हा शब्द माझ्या तोंडी येतो.

तरी आरशात पुन्हा पाहिलं.

१९ नोव्हेंबर

हर्षला आज रडली. हायवेवरच्या फलकाचा फोटो उद्या छापायला जायचा आणि त्यात बरोबर मध्ये गौराबाईचं घर. म्हणाली, त्यांच्याशी बोलणं झालंय, भिवपुरीला त्यांना जागा देतोय, महिन्याभरात जातील. तू फक्त फोटोतून घर घालव. तू नाही केलंस तर सगळं बुडेल, तुझ्याशिवाय माझं आहे कोण? वीस वर्षांची मैत्रीण. कॉलेजात मला ताप आला तेव्हा माझे केस विंचरणारी. नाही कसं म्हणणार?

पण सावध राहिले. मूळ फोटोची प्रत आधी माझ्या पेन ड्राइव्हवर घेतली. फोटोत घराच्या दारात गौराबाई उभी आहे, भिवाजी ओट्यावर. आणि मनाशी घोकून ठेवलं, तिने विचारलं तर वाढवलं म्हणायचं. स्वतःचंच हसू येत होतं, पण घोकलं.

घर पुसलं. ब्रशने खाचरं उचलून भर घातली. फोन वाजला. मी तेव्हा दुसऱ्या फोटोचा रंग जुळवत होते. काढलंस का? आणि मी—सवयीने—हो, काढलं.

२० नोव्हेंबर

घर नाही.

कूड नाही, ओटा नाही, चूल नाही. खाचरात भाताचे खुंट, सरळ ओळीत. गावातल्या चहावाल्याला विचारलं, भिवाजी कुठे गेला? तो म्हणाला, कोन भिवाजी?

आईला फोन लावला. तिने उचलला, हॅलो म्हणाली. आई, मी. ती म्हणाली, कोण पाहिजे आपल्याला? मी म्हटलं, अगं रोहिणी. ती हळू आवाजात म्हणाली, चुकीचा नंबर लागला बाळ, मला मूलबाळ नाही.

मी पुन्हा लावला. तिने पुन्हा तेच सांगितलं, तितक्याच मायेने.

पेन ड्राइव्ह टेबलावर नाही. फलक छापणाऱ्याला द्यायचा म्हणून हर्षला सकाळी घेऊन गेली, असं काकू म्हणाल्या.

संध्याकाळी

जिन्यात उभी राहून ऐकलं. हर्षला खाली आईशी बोलत होती. बिरड्याचे वाल सोलणं चाललं होतं. काकूंनी विचारलं, घराचं झालं काय? हर्षला म्हणाली, वाढलं. मग म्हणाली, रस्त्याकडची दोन झाडं पण उद्या वाढवायची हायेत.

वाढवायची. एकदाही चुकली नाही. माझ्याशी बोलताना मात्र रोज, न विसरता, काढलंस का.

म्हणजे ती मला विचारत नव्हती. माझ्याकडून वदवून घेत होती.

२१ नोव्हेंबर

तोंडावर विचारलं. वाटलं होतं, नाकबूल करेल. तिने चहाचा कप माझ्या हातात दिला आणि म्हणाली, कळलं वाटतं.

माझ्या आधी, असाच एक खांब तिच्या भावाने काढला होता. भाऊ असावा, असं ती म्हणाली. नाव तिला माहीत नाही, आईलाही नाही. कपाटातल्या शर्टांवरून आणि आईच्या हातून चुकून वाढल्या जाणाऱ्या एका जास्तीच्या ताटावरून त्यांनी ताडलं. मग गौराबाईनेच त्यांना जागेची रीत समजावली. जमीन तर मोकळी करायची होतीच. बाहेरचं माणूस आणलं की घरातलं जात नाही.

मीच का, असं विचारलं. ती म्हणाली, तुझं लग्न नाही, मागे एक आई तेवढी, तीही थकलेली. तुला शोधत कोण येणार? हे सगळं प्रेमाने. माझ्या कपाळावरचे केस मागे सारत.

ट्रायपॉड आम्ही असाच निवडला होता. हलका, घडी होणारा, एका हाताने उचलता येणारा. मी तिची मैत्रीण नव्हते गं आई, मी तिच्या खरेदीच्या यादीत होते. हिच्यासाठी मी अंगावरचं सोनं विकलं असतं. हिला मी बहिणीच्या जागी मानलं. हलकटपणालाही काही हद्द असते.

पेन ड्राइव्ह मागितला. म्हणाली, पुसला. पसारा होतो.

२२ नोव्हेंबर, फलटण

आई दारात होती. पायरीवर गहू निवडत. मी समोर उभी राहिले. तिने चष्मा वर केला, माझ्याकडे नीट पाहिलं, आणि विचारलं, कुणाकडे आलात?

तुम्ही. मला तुम्ही म्हणाली.

गूळ-पाणी दिलं. उन्हातून आलात, बसा म्हणाली. भिंतीवर माझा शाळेतला फोटो होता तिथे आता कॅलेंडर. मी काहीतरी बोलले, चुकीचा पत्ता वगैरे. निघताना ती म्हणाली, तुमच्या आईला काळजी वाटत असेल, लवकर घरी जा.

२३ नोव्हेंबर, कळंब

परत आले. दुसरीकडे जाणार कुठे? घराचा फोटो मिळाला तरच सगळं मिळेल. गौराबाई, भिवाजी, आई. फलक छापणाऱ्याकडे गेले, त्याच्याकडे साफ केलेलाच. संगणकात शोधलं. कार्डात शोधलं. गेलेली फाइल परत आणणारं सॉफ्टवेअर चालवलं—कार्डावर नवे फोटो घेऊन घेऊन तिने जुन्याचा माग ठेवलेला नाही. दुसरं कार्ड असतं तर. रॉ असतं तर. एवढंसं कार्ड, नखाएवढं—

काकूंना हाक मारली. त्यांनी मान वर केली नाही. मोठ्याने मारली. घसा ताणला, कानात काही आलं नाही. घरात दोन माणसं होती ना. एकाच्या जागी आई भरली. दुसऱ्याच्या जागी, तीन दिवस उशिरा—माझा आवाज.

२४ नोव्हेंबर

हर्षला जेवणाचं ताट ठेवून जाते. माझ्याकडे बघत नाही, पण भाजी मला आवडते तीच करते. हे जास्त सहन होत नाही.

मुक्याने तिचे पाय धरले. तिने सोडवून घेतले. डोळे पुसत होती. मग रडतेस कशाला—

२५ नोव्हेंबर

खाली नवी मुलगी आलीय. अक्षदा. बदलापूरची. लग्नांचे फोटो काढून विटले, असं हर्षलाला सांगत होती. दोघी खूप हसल्या.

तिने बंगल्याचा फोटो घेतला. मी गॅलरीत होते. हात हलवले, दोन्ही हात. तिने कॅमेऱ्यात पाहून विचारलं, वर कोणी बाई आहेत का? हर्षलाने वर पाहिलं. सरळ माझ्या डोळ्यांत. म्हणाली, फलकावर बंगला मोकळाच छान दिसेल.

दुपार

दार बाहेरून लावलंय. अक्षदा खालच्या खोलीत संगणकावर. माऊसचा आवाज येतो. जमिनीवर पाय आपटले. ती म्हणाली, वर मांजर आहे वाटतं.

वहीची पानं फाडून दाराच्या फटीतून टाकतेय. काकू उचलून नेतात. हे पान गॅलरीतून टाकीन, तिच्या खिडकीसमोर पडेल. अक्षदा, वाच. बाई, वाच. तुझी आई असेल ना घरी? मला वाचवू नकोस, माझं राहिलंय काय. तिला वाचव. तुझा फोन वाजेल, ती गोड बोलेल, काढलंस का विचारेल. तोंडावर हात ठेव. तू काढलं म्हणू नकोस—

फोन वाजतोय.

उचलू नको उचलू नको—उचलला. हसतेय. हो गं, म्हणतेय. अगं तसं नको, अक्षदा, असं म्हण, मी